स्लेनचा लान्स कॉर्पोरल: फ्रान्सिस लेडविज आणि त्याचं घर

ऑक्टोबर १९१४. आयर्लंडच्या मीथ परगण्यात नॅव्हन गावी ग्रामीण जिल्हा मंडळाची बैठक भरली होती. युरोपात युद्ध पेटून अडीच महिने झाले होते आणि आयरिश तरुणांनी ब्रिटिश सैन्यात जावं की जाऊ नये यावरून गावोगाव भांडणं लागली होती. मंडळातल्या बहुतेकांचा कौल भरतीच्या बाजूने होता. २७ वर्षांचा एक सभासद मात्र विरोधात उभा राहिला. रस्त्याच्या कामावर खडी फोडून पुढे मुकादम झालेला हा माणूस. बाकीच्यांनी त्याला जर्मनांचा धार्जिणा ठरवलं, टोमणे मारले. तो मागे हटला नाही.

आणि काही दिवसांतच, २४ ऑक्टोबरला, हाच माणूस डब्लिनच्या रिचमंड बराकीत गेला आणि ब्रिटिश सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. पावणेतीन वर्षांनी बेल्जियममध्ये तोफगोळ्याने त्याच्या देहाच्या चिंधड्या झाल्या.

त्याचं नाव फ्रान्सिस लेडविज. आयर्लंडमध्ये तो कवी म्हणून ओळखला जातो. इथे मात्र त्याच्या कवितेपेक्षा त्याचं घर आणि त्याचा हा निर्णय यांकडे पाहायचं आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे दोन लाख आयरिश माणसं ब्रिटिश गणवेशात लढली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात काय चाललं होतं याचा कागद मागे उरलेला नाही. लेडविज लिहिणारा होता, म्हणून त्याच्या बाबतीत तो उरला.

स्लेन हे बॉइन नदीकाठचं छोटं गाव. गावाबाहेर जेनव्हिल नावाच्या वस्तीत शेतमजुरांसाठी बांधलेलं एक घर आहे. दगडी भिंती, बेताच्या खोल्या, मागे थोडी जमीन. इथे १९ ऑगस्ट १८८७ रोजी पॅट्रिक आणि ॲन लेडविज यांना आठवं मूल झालं, ते फ्रान्सिस. घरात सगळे फ्रँक म्हणायचे. त्याच्यानंतरच्या भावाचं नाव ‘जो’, तो शेंडेफळ. फ्रँक पाचेक वर्षांचा होता आणि धाकटा जो अजून मांडीवर होता, तेव्हा वडील वारले. शेतमजुराच्या घरात मागे ठेवण्यासारखं काही नसतंच.

पुढची कैक वर्षं या घराचा गाडा आईने एकटीने ओढला. दिवसा दुसऱ्यांच्या शेतात राबायचं, रात्री लोकांचे कपडे धुवायचे, शिवण-टिपण करायचं. थोरला मुलगा पॅट्रिक याला तिने शिकवलं. तो शिक्षकी पेशात जाईल आणि घराला हातभार लागेल अशी आशा होती. तो क्षय घेऊन घरी परतला आणि गेला. औषधं, पथ्य, कमावत्या हाताऐवजी अंथरुणाला खिळलेलं माणूस, हे सगळं त्या चार भिंतींतच निस्तरायचं होतं. धाकट्या भावंडांच्या शाळेवर त्याचा काय परिणाम झाला असेल ते सांगायला नको. फ्रँकची शाळा तेराव्या वर्षी सुटली.

या आईची एक आठवण फ्रान्सिसने जून १९१७ मध्ये एका अमेरिकन प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात आहे. लेडविज घराणं एके काळी या मुलखात मोठं होतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगायची. सांगता सांगता हात फिरवून समोरच्या हिरव्या टेकड्या आणि मेंढ्यांची कुरणं दाखवायची आणि म्हणायची, हे सगळं कधी काळी आपलं होतं. त्याच पत्रात तो आपल्या घराण्याला सैनिकांचं आणि कवींचं घराणं म्हणतो. दाव्यातलं खरं-खोटं बाजूला ठेवू. दुसऱ्याच्या शेतात बटाटे काढणारी बाई मुलाला असं सांगते तेव्हा ती त्याला एक ताठ मान देत असते. ही ताठ मान पुढे प्रत्येक वळणावर दिसते, आणि बहुतेक वेळा तिची किंमत घरालाच मोजावी लागते.

पहिलं उदाहरण किराणा दुकानाचं. सोळाच्या आसपास असताना आईने त्याला डब्लिनजवळ रॅथफार्नमला एका किराणा दुकानात उमेदवारीला ठेवलं. पक्की नोकरी, शहरातली, पावसापाण्यातली नाही. एका रात्री गावाच्या आठवणीने त्याला राहवेना. त्याने एक कविता लिहिली, मागच्या दाराने बाहेर पडला आणि मैलाच्या दगडांवर टेकत टेकत सुमारे तीस मैल चालून घरी आला. आईने त्याला परत पाठवलं नाही. मला हा तिचा मोठेपणा वाटतो, कारण त्या नोकरीची गरज तिला त्याच्याइतकीच होती.

त्यानंतर शेतावरची कामं, रस्त्याची कामं. मग बोपार्कच्या तांब्याच्या खाणीत तो कामाला लागला. तिथली परिस्थिती सुधारावी म्हणून त्याने कामगारांना संपाला उभं केलं आणि त्याला काढून टाकलं. हे १९१० च्या सुमाराचं, डब्लिनच्या गाजलेल्या कामगार लढ्याच्या तीन वर्षं आधीचं. पुढे तो मीथच्या कामगार संघटनेत पदाधिकारी झाला आणि त्याच वाटेने जिल्हा मंडळावर निवडून गेला. एवढ्यात कविताही चालूच होत्या. १९१२ मध्ये त्याने कवितांची वही लॉर्ड डनसेनी या शेजारच्या गढीवरच्या लेखक-सरदाराकडे पाठवली. डनसेनीने त्याला आपलं ग्रंथालय उघडं केलं, डब्लिनच्या साहित्यिकांत ओळखी करून दिल्या. तिथेच त्याची टॉमस मॅकडोना या कवी-प्राध्यापकाशी मैत्री झाली. हे नाव लक्षात ठेवायला हवं.

आता राजकारण, थोडक्यात. आयर्लंडला स्वराज्य देणारा कायदा लंडनच्या संसदेत पुढे सरकत होता. उत्तरेकडच्या अल्स्टरमधल्या प्रोटेस्टंटांनी तो हाणून पाडायला सशस्त्र स्वयंसेवक दल उभारलं. त्याला उत्तर म्हणून राष्ट्रवाद्यांनीही आयरिश स्वयंसेवक दल काढलं. स्लेनची तुकडी उभी करणाऱ्यांत फ्रान्सिस आणि जो हे दोघे भाऊ होते. सप्टेंबर १९१४ मध्ये स्वराज्याचा कायदा मंजूर झाला आणि लगेच युद्ध संपेपर्यंत गुंडाळूनही ठेवला गेला. त्याच महिन्यात वुडनब्रिज इथे संसदीय पक्षाचा पुढारी जॉन रेडमंड याने स्वयंसेवकांना ब्रिटिश सैन्यात जाण्याचं आवाहन केलं. त्याचा हिशेब असा, की आज रक्त दिलं तर उद्या स्वराज्य नाकारता येणार नाही. दल फुटलं. बहुसंख्य रेडमंडच्या मागे गेले, मूठभर विरोधात राहिले. लेडविज सुरुवातीला या मूठभरांत होता.

मराठी वाचकाला हा हिशेब परका वाटू नये. मंडालेहून सुटून आल्यावर लोकमान्य टिळकांनी युद्धात सरकारला मदत करण्याची भूमिका घेतली, पण तिला स्वराज्याची जोड दिली. त्यांच्या होमरूल लीगचं नावच आयरिश चळवळीकडून आलेलं. ती लीग बेळगावात १९१६ च्या एप्रिल अखेरीस स्थापन झाली, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव पेटलेला होता. आणि जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने बोलू दिलं नाही म्हणून टिळक उठून गेले, तेव्हा भरती आणि स्वराज्य यांची सांगड सरकारला कितपत मान्य आहे हे उघड झालं. लेडविजची कोंडी याच जातीची होती. फरक इतकाच, की त्याच्यापुढे स्वतःचा जीव होता.

मग नॅव्हनच्या त्या बैठकीनंतर तो भरती का झाला? तीन उत्तरं नेहमी दिली जातात.

पहिलं प्रेमभंगाचं. एली व्हॉही ही गावच्या जमीनदार शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, पण मजुराच्या घरी मुलगी देणं तिच्या घरच्यांना पटण्यासारखं नव्हतं. तिने दुसऱ्याशी लग्न केलं. १९१५ मध्ये मँचेस्टरला बाळंतपणात ती वारली. फ्रान्सिसने तिच्यावर कविता लिहिल्या, तेव्हा घाव खोल होता यात वाद नाही. पण प्रेमभंग झालेला माणूस त्याच महिन्यात जिल्हा मंडळात उभा राहून भरतीविरुद्ध भांडत नाही. मरायलाच निघालेल्याला त्या वादाचं काय?

दुसरं उत्तर डनसेनीचं. फ्रान्सिस दाखल झाला ती रॉयल इनिस्किलिंग फ्युझिलियर्सची पाचवी पलटण, आणि डनसेनी तिथे कॅप्टन होता. आश्रयदात्याच्या मागोमाग आश्रित गेला, असं म्हणणं सोपं आहे. पण डनसेनीने त्याला भरती होऊ नकोस असंच सांगितलं होतं. घरी राहिलास तर खर्चाला पैसे देतो, असंही म्हटलं होतं.

तिसरं उत्तर त्याचं स्वतःचं, त्याच अमेरिकन प्राध्यापकाला लिहिलेलं. त्याचा आशय असा: ब्रिटिश सैन्य आयर्लंड आणि आपल्या सर्वांच्या सामायिक शत्रूच्या मध्ये उभं होतं, म्हणून मी त्यात गेलो. आयरिश लोक घरी बसून नुसते ठराव पास करत होते आणि मी त्यांचं रक्षण केलं, असं इंग्लंडला म्हणता येऊ नये.

माझं मत तिसऱ्या उत्तराकडे झुकतं, आणि ते त्याच्या घराकडे पाहून. ठराव पास करणं म्हणजे काय हे त्याने नॅव्हनच्या बैठकीत स्वतः पाहिलं होतं. भरतीच्या बाजूने तावातावाने बोलणारे ते सभासद संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला गेले असणार. तेराव्या वर्षापासून हाताने कमावणाऱ्याला, सरदाराच्या पैशांवर घरी बसून बोलत राहणं जमलं नसतं. खाणीतही तो दुसऱ्याला पुढे करून मागे थांबला नव्हता. त्याला इंग्लंडचं प्रेम होतं असा पुरावा कुठेही नाही. इंग्लंडचे उपकार नकोत, एवढंच त्याच्या वाक्यात दिसतं. ज्या घरात आई हात फिरवून टेकड्या दाखवायची, तिथल्या मुलाला हे शोभून दिसतं.

युद्धाची पहिली दोन वर्षं त्याने भराभर ओलांडली आणि मीही ओलांडतो. त्याची पलटण जिच्यात होती ती दहावी आयरिश डिव्हिजन ऑगस्ट १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत सुव्हलाच्या उपसागरात उतरली. ऊन, पाण्याचा दुष्काळ, माश्या, आमांश, आणि उघड्या खडकावर तोफांचा मारा. तिथून उरलेले लोक ग्रीसमधल्या सॅलोनिकामार्गे सर्बियाच्या सीमेवरच्या डोंगरांत गेले. डिसेंबरच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत माघार घ्यावी लागली. त्या माघारीनंतर फ्रान्सिस पाठीच्या दुखण्याने कोसळला. कैरोचं इस्पितळ, मग एप्रिल १९१६ मध्ये मँचेस्टरचं इस्पितळ. एली जिथे वारली तेच शहर.

तिथे अंथरुणावर असताना २४ एप्रिलला डब्लिनमध्ये उठाव झाल्याची बातमी आली. बंडखोरांच्या पुढाऱ्यांत टॉमस मॅकडोना होता. उठाव मोडला, पुढाऱ्यांना रिचमंड बराकीत आणलं गेलं, तिथे लष्करी न्यायालयापुढे उभं केलं गेलं. ३ मे रोजी मॅकडोनाला गोळ्या घातल्या. ज्या बराकीत फ्रान्सिसने ब्रिटिश राजाची शपथ घेतली होती, तिथेच त्याच्या मित्राला मृत्युदंड ठरला, आणि तो देणाऱ्या सैन्याचा गणवेश फ्रान्सिसच्या अंगावर होता. दुसरीकडे डनसेनीही त्याच उठावात जखमी झाला होता. सरकारी बाजूने जात असताना बंडखोरांची गोळी त्याच्या चेहऱ्यात घुसली. एक मित्र सरकारच्या गोळीने गेला, दुसरा बंडखोरांच्या गोळीने घायाळ झाला. यांतल्या कुणालाही तो परका म्हणू शकत नव्हता.

तो रजेवर घरी, जेनव्हिलला आला. या दिवसांतली एक गोष्ट जोने पुढे सांगितली आहे. जोने विचारलं, आता युद्धाबद्दल तुला काय वाटतं? फ्रान्सिस म्हणाला, जर्मन आपल्या परसातल्या भिंतीवरून आत येत आहेत असं आत्ता कुणी सांगितलं, तरी मी त्यांना अडवायला बोटही उचलणार नाही. येऊ देत.

हे बोलणं धाकट्या भावापाशी झालं, कुठल्या सभेत नाही. ज्या भावाबरोबर त्याने गावची तुकडी काढली होती, जो घरी राहिला होता आणि आईजवळ होता, त्याच्यापाशी. सैन्यात भरती झालेल्या माणसाचं घरच्यांशी नातं कसं ताणलं जातं, हे यात दिसतं. धाकटा भाऊ त्याला अडवू शकत नव्हता, आणि त्याचं समर्थनही करू शकत नव्हता.

रजा वाढवून मागायला तो रिचमंड बराकीत गेला तेव्हा उठावावरून तिथल्या अधिकाऱ्याशी त्याची जुंपली. पलटणीत तो उशिरा हजर झाला. रजेपेक्षा जास्त राहणं, गणवेशात दारू पिणं, या आरोपांखाली लष्करी न्यायालयाने त्याची लान्स कॉर्पोरलची, म्हणजे शिपायाच्या लगेच वरच्या हुद्द्याची, फीत काढून घेतली. याच दिवसांत त्याने मॅकडोनावर विलापिका लिहिली. तीच त्याची सर्वांत जास्त वाचली गेलेली कविता ठरली. पळून जाणं त्याला अशक्य नव्हतं. तो गेला नाही. डेरीच्या बराकीत राहिला, जानेवारी १९१७ मध्ये फीत परत मिळाली, आणि पहिल्या पलटणीबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर रवाना झाला.

जूनमधलं ते पत्र इथलंच. पक्षांच्या भांडणांनी आपली माणसं दुभंगावीत याचं त्याला वाईट वाटतं, तरी डब्लिनच्या राखेतून नवं आयर्लंड उभं राहील अशी आशा आहे, असं तो लिहितो. भरतीचं कारणही याच पत्रात, म्हणजे मॅकडोनाच्या मृत्यूनंतर वर्षभराने, सांगतो. परसातल्या भिंतीचं वाक्य आणि पत्रातलं वाक्य एकमेकांना खोडतात, म्हणून त्यांतलं एक टाकून द्यायचा मोह अभ्यासकांना होतो. मला दोन्ही खरी वाटतात. पहिलं रागाचं आणि घरात बोललेलं, दुसरं सावकाश विचार करून लिहिलेलं. माणसाच्या तोंडी ही दोन्ही वर्षभरात येऊ शकतात.

३१ जुलै १९१७. ईप्रच्या तिसऱ्या लढाईचा पहिला दिवस. बेल्जियममध्ये बूझिंगे गावाजवळ इनिस्किलिंगची माणसं चिखलात लाकडी फळ्या टाकून रस्ता बनवत होती, कारण रस्त्याशिवाय तोफा आणि दारूगोळा पुढे नेणं शक्य नव्हतं. दुपारनंतर पाऊस लागला होता. मीथमध्ये रस्ते बांधणारा मुकादम इथेही रस्ताच बांधत होता. चहाची सुट्टी झाली. काही जण एका खड्ड्यात बसून चहा पीत होते. गोळा अगदी शेजारी फुटला आणि फ्रान्सिससह सहा जण जागच्या जागी ठार झाले.

पलटणीचे धर्मगुरू फादर डेव्हास यांच्या डायरीत त्या दिवशीची नोंद आहे. सकाळी कम्युनियनला (ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विधीला) गर्दी, उपासना पावसाने आणि कामामुळे रद्द, कुत्र्यांबरोबर पावसात फेरफटका. त्याच ओळीत पुढे: लेडविज मारला गेला, तुकडे तुकडे झाला, काल कन्फेशनला (पापांच्या कबुलीला) आला होता, आज सकाळी मास (प्रार्थनाविधी) आणि कम्युनियन. तीस पुरी व्हायला त्याला १९ दिवस होते.

आधी जवळच पुरलेले त्याचे अवशेष पुढे बूझिंगेच्या आर्टिलरी वुड दफनभूमीत हलवले. शिपाई क्रमांक १६१३८, लान्स कॉर्पोरल. त्याच दफनभूमीत हेड विन या टोपणनावाने लिहिणारा वेल्सचा मेंढपाळ-कवी आहे, तोही त्याच दिवशी मारला गेलेला.

स्लेनला आईच्या वाट्याला आलं ते वेगळंच. तिने नवऱ्यामागे वाढवलेलं मूल गेलं, आणि काही वर्षांतच तिच्या देशात असं वारं आलं की या मृत्यूबद्दल मोठ्याने बोलणं अवघड झालं. १९२२ नंतरच्या स्वतंत्र आयर्लंडने उठावात मेलेल्यांना हुतात्मा केलं. ब्रिटिश गणवेशात मेलेल्यांची घरं आपापली छायाचित्रं आणि पदकं कपाटात ठेवून गप्प राहिली. फ्रान्सिसच्या बाबतीत तर विचित्रच घडलं. मॅकडोनावरची कविता शाळेत पोहोचली, पण ती लिहिणारा कोणत्या गणवेशात मेला हे सांगताना लोक चाचरत. मला यात फ्रान्सिसवर नाही तितका जेनव्हिलच्या त्या घरावर अन्याय झालेला दिसतो. कवीला वाचक मिळाले, पण मुलगा गमावलेल्या आईला आपला मुलगा कुठल्या बाजूचा होता याचं उत्तर शेजाऱ्यांना देत बसावं लागलं असेल, आणि ते उत्तर कुणालाच पुरेसं वाटलं नसेल.

बदल फार सावकाश झाला. १९६२ मध्ये स्लेनच्या पुलावर त्याच्या नावाचा फलक लागला. १९८२ मध्ये जेनव्हिलचं घर संग्रहालय म्हणून उघडलं. तिथे गेलं की नऊ मुलांचं कुटुंब कशात राहत होतं हे एका नजरेत कळतं. १९९८ च्या ३१ जुलैला बूझिंगेजवळ तो जिथे पडला त्या जागी बेल्जियन लोकांनी पुढाकार घेऊन स्मारक उभं केलं. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला बेल्जियममधल्याच मेसिन इथल्या आयरिश शांतता उद्यानाचं उद्घाटन आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस आणि ब्रिटनची राणी एलिझाबेथ यांनी एकत्र केलं.

डब्लिनच्या आयलंडब्रिजला युद्धात मेलेल्या आयरिश सैनिकांचं राष्ट्रीय स्मारक-उद्यान आहे. त्याचा आराखडा दिल्लीचं इंडिया गेट उभारणाऱ्या एडविन लटयेन्सचाच. हे उद्यान १९३० च्या दशकात बांधून तयार झालं, पण त्याचं रीतसर लोकार्पण व्हायला १९८८ उजाडावं लागलं. रिचमंड बराक ज्या इंचिकोर भागात होती तिथल्या रहिवाशांनी लेडविजच्या नावाने एक मंडळ काढलं आहे. त्याच्या पुण्यतिथीच्या सुमारास ही मंडळी याच उद्यानात जमतात आणि त्याच्या कविता वाचतात, मॅकडोनावरचीही.